पाहणी आणि डागडुजी

1979 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क शहरातील ब्रॉडवे या राजरस्त्यावर, 115व्या रस्त्याच्या नाक्यापाशी, बर्नार्ड महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणारी एक मुलगी पदपथावरून चालली असता वरच्या मजल्यावरील खिडकीच्या माथ्याचा, भाजक्या मातीचा एक तुकडा सुटून तिच्या डोक्यावर पडला व त्यात तिचा अंत झाला. इमारत जुनी असली तरी पडीक नव्हती. तिच्यात माणसे राहत होती. पुढल्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारी 1980 मध्ये, एड कॉच हे महापौर असताना, त्या शहराने 'स्थानिक कायदा क्रमांक 10' या नावाने ओळखला जाणारा निर्बंध जारी केला. सहा मजल्यांहून उंच असलेल्या प्रत्येक इमारतीच्या रस्त्याकडील भिंतींची दर पाच वर्षांनी मालकाने स्वखर्चाने, परवानाधारक वास्तुविशारदाकडून अथवा अभियंत्याकडून तपासणी करवून घ्यावी आणि तिचा लेखी अहवाल नगरपालिकेच्या इमारत खात्याच्या दप्तरी दाखल करावा, असा त्याचा थोडक्यात आशय होता.

अशा स्वरूपाचा हा पहिलाच कायदा, असे मात्र म्हणता येणार नाही. शिकागो शहरात 1974 साली याच प्रकारे एका पादचारी स्त्रीचा बळी गेल्यानंतर 1976 मध्ये तपासणीचा नियम झाला होता. परंतु मालकवर्गाच्या डोळ्यांत सलणाऱ्या नियमांचे जे पुष्कळदा होते तेच त्याचे झाले, तो मागे घेण्यात आला आणि 1996 मध्ये पुन्हा नव्याने करावा लागला. न्यूयॉर्कचे वैशिष्ट्य चिकाटीचे आहे. तेथे दर पाच वर्षांचे एक आवर्तन धरून गेली चार दशके ही तपासणी अखंड चालू आहे, आणि आज सुमारे 16,000 इमारती तिच्या कक्षेत येतात.

वरून पडणाऱ्या वस्तूंची चिंता मनुष्याने केवळ विसाव्या शतकात केली असे नाही. प्राचीन रोममध्ये उंच भाड्याच्या इमारती दाटीने उभ्या होत्या आणि तेथील प्रेटर नामक न्यायाधिकाऱ्याच्या फर्मानात असे एक कलम होते की, जेथून लोक जातात-येतात अथवा जेथे उभे राहतात अशा जागेच्या वर, वळचणीवर वा पुढे आलेल्या छपरावर, पडल्यास इजा होईल अशी कोणतीही वस्तू कोणी ठेवू नये. ठेवल्यास दहा हजार सेस्टर्स दंड. या कलमात दोन गोष्टी मोठ्या मार्मिक आहेत. एक तर दंड होण्यासाठी वस्तू प्रत्यक्ष पडावी लागत नसे, तिने पडण्याजोगे असणे पुरेसे होते. आणि दुसरे म्हणजे फिर्याद करण्यास कोणाही नागरिकास मुभा होती, आपले डोके फुटल्याचा पुरावा त्याला द्यावा लागत नसे. परंतु हा कायदा इमारतीवर ठेवलेल्या वा टांगलेल्या वस्तूंचा होता. खुद्द इमारतीचाच एखादा अवयव कालमानाने सुटू लागला तर तो आधी ओळखायचा कोणी, हा प्रश्न त्याने सोडवला नव्हता.

इंग्रजी न्यायालयांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. लिव्हरपूलच्या एका वखारीतून पिठाचे पिंप रस्त्याने जाणाऱ्या इसमावर पडले, तेव्हा 1863 सालच्या निवाड्यात असे ठरले की, असे पिंप आपोआप पडत नसते, तेव्हा ते पडले हाच निष्काळजीपणाचा सकृद्दर्शनी पुरावा होय. उलट सिद्ध करण्याचा भार वखारवाल्यावर. हे तत्त्व पुढे आपल्या देशातही आले, आणि त्याचा एक संस्मरणीय विनियोग दिल्लीच्या घंटाघराच्या खटल्यात झाला. चांदणी चौकात, टाउन हॉलसमोर उभा असलेला हा मनोरा स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत कोसळून काही माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांच्या वारसांनी मालक असलेल्या महापालिकेवर दावे लावले. मनोरा सुमारे 80 वर्षांचा होता, आणि त्यात वापरलेल्या चुन्याचा प्रकार पाहता अशा बांधकामाचे आयुष्य 40 ते 45 वर्षे धरावे, असे साक्षीत निघाले. दोष बाहेरून दिसत नव्हता, ही पालिकेची कैफियत सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये फेटाळून लावली. रहदारीच्या रस्त्यालगत ज्याचा इमला उभा आहे त्याच्यावर विशेष जबाबदारी असते, तो दोष उघड असो की गुप्त, त्याला जबाबदेहीतून सुटका नाही, आणि इमारतीचे वय पाहता तिची वेळोवेळी तपासणी करणे हे त्याचे कर्तव्यच होते, असा त्या निवाड्याचा निष्कर्ष आहे. नियतकालिक तपासणीची कल्पना भारतीय न्यायशास्त्रात एवढ्या स्वच्छ शब्दांत येऊन गेली, ही गोष्ट आमच्याकडील किती नगरसेवकांना ठाऊक असेल याची शंका वाटते.

तथापि न्यायालय बोलते ते मनोरा पडल्यानंतर. 'वेळोवेळी' म्हणजे नेमके केव्हा, तपासणारा कोण, आणि त्याने पाहिले ते लिहून कोणाच्या हवाली करायचे, हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे अथवा नगरसभेचे. न्यूयॉर्कच्या कायद्याने हे तिन्ही तपशील भरले. मालकाला काही दिसले तर त्याने कळवावे असे तो म्हणत नाही. दिसो वा न दिसो, पाच वर्षांची मुदत भरताच पाहिलेच पाहिजे असे म्हणतो. इतकेच नव्हे, तर साऱ्या शहराचे अहवाल एकाच हंगामात येऊन आदळू नयेत म्हणून, इमारत ज्या भूखंडगटात आहे त्याच्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून तिची पाळी ठरते. कारकुनी बुद्धीची ही योजना दिसायला क्षुद्र, पण असल्या कायद्यांचे यश बव्हंशी अशाच क्षुद्र योजनांवर अवलंबून असते.

आता त्या भिंतीत काय घडत असते ते जरा जवळून पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेतील उंच इमारती पोलादी सांगाड्यावर उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्यांना बाहेरून शोभिवंत अंग देण्यासाठी टेराकोटा म्हणजे भाजक्या मातीचे, वरून चकाकी दिलेले पोकळ ठोकळे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. घडीव दगडाहून ते हलके आणि स्वस्त; साच्यातून काढल्यामुळे वेलबुट्टी, सिंहमुखे, पुष्पमाला अशी नक्षी हवी तितकी मिळे. हे ठोकळे लोखंडी आकड्यांनी व पट्ट्यांनी आतल्या सांगाड्याला अडकवलेले असत. ठोकळ्यांमधल्या दरजांतील चुना झिजला की पावसाचे पाणी आत शिरते. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास मात्र ती चकाकीच आडकाठी करते, आणि ते लोखंडापाशी मुरत राहते. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापते, आणि घट्ट झाकणाच्या बरणीत गच्च भरलेले हरभरे भिजून फुगावेत आणि बरणीला तडा जावा, त्याप्रमाणे हा गंज ठोकळ्याला आतून बाहेर लोटू लागतो. त्यात हिवाळ्याची भर पडते: मुरलेले पाणी रात्री गोठून प्रसरण पावते, दिवसा वितळून आणखी खोल जाते, आणि हा क्रम एकेका हिवाळ्यात अनेकदा चालतो. ठोकळा सुटतो तो एखाद्या वादळी रात्रीच सुटेल असा नेम नाही. वाऱ्याची झुळूकही नसलेल्या दुपारी, पन्नास वर्षांच्या गंजाचा हिशेब पुरा झाला म्हणून तो सुटतो.

हे सारे भिंतीच्या आड घडत असल्याने तपासनिसाला अप्रत्यक्ष चिन्हांवर विसंबावे लागते. ओळंब्यातून बाहेर आलेला फुगवटा, ठोकळ्याच्या अंगावर उमटलेली केसासारखी बारीक चीर, सांध्यातून ओघळलेला तांबूस डाग, विटांवर साचलेले पांढरे क्षार, एखाद्या खिडकीच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना तिरप्या गेलेल्या भेगा, ही त्याची वर्णमाला. दुर्बिणीतून पाहण्याने यातले पुष्कळसे दिसते, पण सारे दिसत नाही. म्हणून झुलत्या पाळण्यात बसून भिंतीच्या अंगाला अंग लावून उतरावे लागते आणि लाकडी वा रबरी हातोडीने ठोकळ्यामागून ठोकळा ठोकून पाहावा लागतो. शाबूत ठोकळा खणखणीत बोलतो, आतून सुटलेला बद्द आवाज करतो. अभियांत्रिकीने एवढी प्रगती केल्यावरही कुंभाराच्या दारी मडके वाजवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची ही परीक्षा अद्याप कोणत्याही यंत्राने पुरती मोडीत काढलेली नाही.

पहिल्या कायद्यात मात्र अशा निकट स्पर्शावर पुरेसा भर नव्हता, आणि तो फक्त रस्त्याकडील भिंतींपुरता होता. 1997 च्या डिसेंबरात मॅडिसन अव्हेन्यूवरील एका उत्तुंग कचेरी-इमारतीच्या बाजूच्या भिंतीतून विटांचा मोठा थर खाली आला आणि गजबजलेल्या वस्तीतले रस्ते बंद ठेवावे लागले, तेव्हा या दोन्ही उणिवा उघड्या पडल्या. येथे जुनी भाजकी माती नव्हती, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले वीटकाम होते. या काळातील भिंत बहुधा पोकळीची असते: बाहेरच्या बाजूस एकाच विटेच्या जाडीचा पडदा, मध्ये हवेची फट, आत दुसरी भिंत, आणि दोहोंना जोडणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या. या पट्ट्या गंजल्या, अथवा कंत्राटदाराने मुळातच कमी घातल्या, तर तो पडदा नुसता स्वतःच्या भरवशावर उभा असतो. शिवाय वीट भट्टीतून निघाल्यापासून हवेतला ओलावा शोषून वर्षानुवर्षे किंचित वाढत असते, तर आतला काँक्रीटचा सांगाडा किंचित आकसत असतो. दोघांच्या या विरुद्ध वृत्तींना वाव देणारी फट ठेवली नसेल तर पडदा पोट काढतो.

1998 साली 'स्थानिक कायदा क्रमांक 11' झाला. शेजारच्या इमारतीच्या भिंतीला बारा इंचांहून जवळ असलेला भाग वगळता सर्व बाजूंच्या भिंती तपासणीखाली आल्या, परांचीवरून प्रत्यक्ष हाताने पाहणे सक्तीचे झाले, आणि अहवालाच्या निष्कर्षाला तीन कोटी ठरवून देण्यात आल्या: सुरक्षित, डागडुजीच्या कार्यक्रमासह सुरक्षित, आणि धोकादायक. यांतली मधली कोटी ही या कायद्याची खरी बुद्धिमत्ता होय. आज पडणार नाही, पण दुर्लक्ष केल्यास पाच वर्षांत पडू शकेल, अशा भिंतीला तीत स्थान आहे. दुरुस्ती कोणत्या मुदतीत करावी हे तपासनिसाने लिहून द्यायचे, आणि पुढच्या आवर्तनापर्यंत ती झाली नाही तर ती भिंत आपोआप धोकादायक गणली जाते. तारीख-पे-तारीख मागण्याची सोय येथे निदान कागदावर तरी मोडून काढली आहे.

या कायद्यांचा एक परिणाम मात्र त्यांच्या कर्त्यांच्या मनात खासच नसावा. 1980 नंतरच्या वर्षांत कित्येक मालकांनी असा हिशेब केला की, नक्षीदार कंगणी दुरुस्त करून दर पाच वर्षांनी तपासत बसण्यापेक्षा ती तोडूनच टाकलेली बरी. आणि शहरातील अनेक जुन्या इमारतींच्या माथ्यावरचे अलंकरण उतरवून तेथे साधा विटांचा काठ चढवण्यात आला. आजही न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खालून वरपर्यंत डौलदार असलेली आणि माथ्याशी येताच एकाएकी बोडकी होणारी इमारत दिसली तर तिचा नापित हा कायदाच असण्याचा संभव मोठा. सुरक्षिततेच्या नावाखाली सौंदर्याची ही कत्तल पाहून वारसाप्रेमी हळहळले. पण पदपथावरून चालणाऱ्याच्या कवटीपेक्षा सिंहमुख अधिक मोलाचे, असे म्हणण्याचे धाडस अर्थातच कोणी केले नाही.

याहून विलक्षण परिणाम पदपथावर दिसतो. भिंत धोकादायक ठरली की मालकाने वाटसरूंच्या रक्षणाची तजवीज तत्काळ करावी लागते, आणि ती तजवीज म्हणजे लोखंडी खांबांवर जाड फळ्यांचे छत घातलेला मांडव. दुरुस्तीला 90 दिवसांची मुदत असते, सबळ कारण दाखवल्यास ती वाढवून मिळते. मांडव तात्पुरता असावा ही अपेक्षा. परंतु 2023 मध्ये नगरपालिकेनेच जाहीर केलेल्या हिशेबानुसार शहरात असे सुमारे 9,000 मांडव उभे होते, ते एकापुढे एक मांडले तर लांबी जवळजवळ 400 मैल भरली असती आणि त्यांचे सरासरी वय 500 दिवसांच्या घरात होते. त्यांखालच्या दुकानांना उजेड नाही, पाटी दिसत नाही, झाडांना वाढ नाही. नियम राबवणाऱ्या खुद्द इमारत खात्याची कचेरी ज्या वास्तूत आहे, तिच्याही भोवती दहा वर्षांहून अधिक काळ मांडव होता.

याचे कारण गूढ नाही. उंच भिंतीची दुरुस्ती म्हणजे प्रचंड खर्च. मांडवाचे भाडे त्या मानाने किरकोळ आणि महिन्यामहिन्याने द्यायचे. तेथील पुष्कळ इमारती सहकारी पद्धतीच्या, म्हणजे दुरुस्तीची वर्गणी सदस्यांकडून वसूल करायची. आणि आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला एकदा तरी हजर राहिलेल्या वाचकाला, मोठ्या वर्गणीचा विषय पुढील सभेवर कसा ढकलला जातो, हे समजावून सांगण्याची गरज नाही. मांडव उभा आहे तोवर खालचा माणूस सुरक्षित, म्हणून कायद्याचा तगादा सैल. आणि तगादा सैल म्हणून भिंत तशीच. पाहणीची सक्ती करणे सोपे होते, डागडुजीची सक्ती अवघड, आणि या दोहोंमधली दरी शहराने फळ्यांनी बुजवली. 2025 मध्ये नगरसभेने मांडवाच्या परवान्याची मुदत वर्षावरून तीन महिन्यांवर आणली आणि काम रेंगाळवणाऱ्यांवर दंडाची तरतूद केली, ती या उशिरा झालेल्या जाणिवेतून.

मांडव मुळीच नको असे म्हणणाऱ्यांना मात्र 2019 सालच्या डिसेंबरमधील घटनेची आठवण करून द्यावी लागते. टाइम्स स्क्वेअरपासून जवळच, सेव्हन्थ अव्हेन्यूवरील एका 17 मजली इमारतीचा तुकडा पडून एक स्त्री ठार झाली. ती स्वतः व्यवसायाने वास्तुविशारद होती, हा दैवाचा क्रूर योगायोग. त्या इमारतीची भिंत बिघडल्याचे इमारत खात्याच्या ध्यानात त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आले होते, मालकाला 1,250 डॉलर दंडही झाला होता, पण पदपथावर मांडव नव्हता. म्हणजे पाहणी झाली, नोंद झाली, दंड झाला, आणि तरीही आठ महिन्यांनी तुकडा पडला. त्यापूर्वी 2015 मध्ये असाच अपघात होऊन एक लहान मूल दगावले, तेव्हा तर त्या इमारतीचा 'सुरक्षित' असा अहवाल भिंत न पाहताच दाखल केल्याचा आरोप संबंधित अभियंत्यावर ठेवण्यात आला. 2020 पासून सुरू झालेल्या आवर्तनात नियम म्हणूनच कडक झाले: रस्त्याकडील भिंतीची दर 60 फुटांच्या आत एक याप्रमाणे जवळून तपासणी, पोकळीच्या भिंतीला छिद्र पाडून आतल्या पट्ट्या प्रत्यक्ष पाहणे, आणि तपासनिसाला सात वर्षांचा अनुभव.

इतर शहरांनी हीच कल्पना आपापल्या हवामानाप्रमाणे व ऐपतीप्रमाणे घेतली आहे. हाँगकाँगमध्ये 2012 पासून 30 वर्षांवरील इमारतींची दहा वर्षांनी आणि खिडक्यांची पाच वर्षांनी तपासणी होते. सिंगापूरने 2022 पासून 20 वर्षांहून जुन्या व 13 मीटरांहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींसाठी सात वर्षांची मुदत घातली. मुंबईचा रिवाज निराळा आहे. 1888 च्या महापालिका अधिनियमात मागाहून घातलेल्या 353-ब या कलमाने 30 वर्षे पुरी झालेल्या इमारतीच्या संरचनेची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी आवश्यक केली, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांनी व त्यापुढे तीन वर्षांनी संरचना-परीक्षण सांगितले आहे. हे इष्टच, परंतु त्याचा रोख इमारतीच्या हाडांवर आहे, कातडीवर नाही. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी आतली सळई गंजून सज्जा सुटतो, छज्ज्याचा गिलावा खपलीसारखा खाली येतो, तेव्हा इमारत उभीच असते आणि तिच्या स्थैर्याचा दाखलाही कदाचित खराच असतो. दर्शनी भागासाठी स्वतंत्र मुदत, स्वतंत्र कोटी आणि स्वतंत्र अहवाल असल्याखेरीज हा धोका दोन कलमांच्या फटीतून निसटत राहणार.

न्यूयॉर्कच्या कायद्यालाही अशी एक फट होती, ती म्हणजे सहा मजल्यांची मर्यादा. गच्चीच्या कठड्याची वीट चौथ्या मजल्यावरून पडली तरी डोके फुटायचे ते फुटतेच. म्हणून 1 जानेवारी 2024 पासून तेथे रस्त्याकडे तोंड असलेल्या प्रत्येक कठड्याची, इमारत कितीही बुटकी असो, दरवर्षी पाहणी करण्याचा नियम लागू झाला. एका-दोन कुटुंबांची सुटी घरे तेवढी वगळली. या पाहणीला परवानाधारक अभियंता लागत नाही. इमारतीचा देखरेख्या असो की गवंडी, ज्याला सैल वीट ओळखता येते असा कोणीही जाणता माणूस गच्चीवर जाऊन, कठडा ओळंब्यात आहे की नाही, विटा हलतात की नाही, दरजा उघड्या पडल्या आहेत की नाही, ते पाहून लिहून ठेवू शकतो. धोका दिसला तर खात्याला तत्काळ कळवायचे. एरवी तो कागद कोठे दाखल करायचा नसतो, सहा वर्षे मालकाने आपल्यापाशी जपायचा आणि मागितल्यास दाखवायचा. पंडितांच्या अहवालापेक्षा गवंड्याच्या या वार्षिक फेरीवर माझा विश्वास थोडा अधिक बसतो, कारण सुटलेली वीट दिसताच ती तिथल्या तिथे बसवण्याजोगे थापी आणि घमेले त्याच्यापाशी बहुधा असते.